क्ले लेनचा बादलीवाला

क्लिफर्ड टॅन्स्लीने बादली हातात घेतली ती हौसेने नव्हे. पंचविसाव्या वर्षी त्याचा गुडघा गेला म्हणून. कॅडलो टाऊनच्या दुसऱ्या संघात तो डाव्या बगलेने पळायचा. बरा खेळायचा, फार बरा नाही. एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत गोठलेल्या मैदानात त्याचा पाय अडकला आणि गुडघ्यातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. दोन महिन्यांनी कुबडी टाकून तो क्ले लेनवर सामना बघायला आला, तेव्हा मॅनेजर आर्थर पेल यांनी त्याला कुंपणापाशी गाठलं. पेल साहेब वीटभट्टीवर मुकादम. आठवडाभर ज्या माणसांकडून विटा पाडून घ्यायच्या, त्यांच्याकडूनच शनिवारी फुटबॉल. बोलणं मोजकं.

"तू ते प्रथमोपचाराचं शिकलायस ना रे?"

"तीन शनिवार, साहेब. चर्चच्या हॉलमध्ये. पट्टी बांधायला शिकवली."

"पुष्कळ झालं. म्हातारा जेसप आता पळू शकत नाही. पुढच्या शनिवारपासून बादली तुझी."

"मलाही कुठे पळता येतंय, साहेब?"

"जेसपपेक्षा बरा पळतोस."

जस्ताची एक बादली, तिच्यात गार पाणी आणि एक स्पंज, खांद्यावर टॉवेल, खिशात हुंगवायची अमोनियाची कुपी. एवढ्या सामानावर अकरा माणसांची हाडं-कातडी सांभाळायची. कुणी पडला की रेफरी हात करायचा आणि क्लिफ लंगडत, पाणी सांडत धावत सुटायचा. मांडीवर लागलं तर मांडीवर पाणी, डोक्याला लागलं तर डोक्यावर पाणी. नोव्हेंबरात ते पाणी अंगावर बसलं की माणूस शिवी हासडून उठायचाच, आणि उठला म्हणजे बरा झाला, अशी तेव्हाची समजूत.

"पळ क्लिफ, पळ! तू पोचेपर्यंत त्याचं लग्न होऊन पोरं होतील!" लोक ओरडायचे.

"अरे, सांडू नकोस! बिअर आहे त्यात!"

क्लिफला ते आवडायचं. खेळाडू म्हणून त्याचं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. आता सगळा गाव घेत होता. त्याची बायको एनिड म्हणायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा तू एवढा खुलला नव्हतास, आणि तेव्हा तर तुझे दोन्ही गुडघे धड होते."

कॅडलोचा क्लबच मुळी भट्टीवाल्यांनी काढलेला. अठराशे चौऱ्याण्णव साली, माती काढून संपलेल्या एका खाणीत राख-मुरूम भरून त्यांनी हे मैदान केलं. भराव खचत राहिला, म्हणून पूर्वेचा कोपरा कायम ओला; बाहेरगावचे खेळाडू तिथे घोट्यापर्यंत रुतायचे आणि आमच्या माणसांना कुठे पाय टाकायचा ते ठाऊक असायचं. शर्टांचा रंग विटकरी. खेळणारे नोकरीवाले, वरच्या लीगच्या पगारी खेळाडूंशी त्यांचा काही संबंध नाही. शनिवारी बाराचा भोंगा झाला की भट्टीवरची माणसं मान धुऊन, मटण भरलेली पेस्ट्री हातात घेऊन सरळ क्ले लेनवर. क्लब जिंकला की सोमवारी विटा चांगल्या पडतात, असं पेल साहेब म्हणायचे आणि ते विनोद करणाऱ्यांतले नव्हते.

या सगळ्यात बर्नार्ड स्कीट म्हणजे मैदानातला बुरूज. बचावाच्या मधोमध उभा. भट्टीवर गाड्यांत विटा भरायचा, एका वेळी दहा. उंची सव्वासहा फूट, कपाळ रुंद. चेंडू हवेत आला की तो स्कीटचाच. कातडी चेंडू तेव्हा पाणी प्यायचे. पावसात सामन्याच्या उत्तरार्धात ते शिशाच्या गोळ्यासारखे व्हायचे. बर्नी ते डोक्याने पन्नास-पन्नास यार्ड मागे धाडायचा आणि खाली उतरल्यावर एकदा मान झटकायचा, कुत्रं पाणी झटकतं तशी. मंगळवारी आणि गुरुवारी सरावाला पेल साहेब त्याच्यावर शंभरेक चेंडू टाकायचे. कुणाला वावगं वाटलं नाही. त्याची बायको ग्वेन तेवढी म्हणायची, "शनिवारी रात्री त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. डोकं ठणकत असतं त्याचं." बाकीच्या बायका हसायच्या, "आमच्यांशी तर कुठल्याच रात्री नसतो, बाई."

बर्नी आणि क्लिफ एकाच शाळेतले, एकाच गल्लीतले. बर्नी त्याला क्लिफ्या म्हणायचा.

एकोणसत्तर सालच्या नोव्हेंबरात कॅडलोच्या नशिबी कधी नव्हे ते आलं. देशाच्या मोठ्या चषकात पात्रता फेऱ्या एकामागून एक पार करत क्लब पहिल्या मुख्य फेरीत पोचला आणि चिठ्ठी निघाली ती पगारी खेळाडूंच्या एका मोठ्या संघाशी. तेही आमच्या मैदानावर. गावाची वस्ती नऊ हजार. क्ले लेनवर त्या दिवशी चार हजारांवर माणसं होती. पोरं छपरावर चढली होती. भट्टीच्या मालकांनी पहिल्यांदाच शनिवारची पाळी बंद ठेवली.

बाविसाव्या मिनिटाला बर्नी आणि त्यांचा मुख्य आक्रमक एकाच चेंडूसाठी उडाले. डोक्यावर डोकं आपटलं. तो आवाज कुंपणापर्यंत ऐकू आला. त्यांचा माणूस कपाळ धरून गोल गोल फिरत राहिला. बर्नी सरळ पाठीवर पडला आणि हलला नाही.

क्लिफ पोचला तेव्हा बर्नीचे डोळे उघडे होते, पण त्यात कुणी नव्हतं. क्लिफने पाणी मारलं. कुपी नाकाशी धरली. जरा वेळाने ओठ हलले.

"आई," बर्नी म्हणाला, "दिवा कुणी घालवला?"

दुपारचे पावणेतीन वाजायचे होते. आभाळ भरलेलं होतं, पण चांगला उजेड होता.

"बर्नी, मी क्लिफ. ही बोटं किती?"

"दिवा लाव ना."

क्लिफने परत पाणी मारलं. मग बर्नीचे डोळे हळूहळू त्याच्यावर स्थिरावले आणि त्याने क्लिफचं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर आठवडाभर वळ होता.

"क्लिफ्या, मला काढू नकोस."

रेषेपाशी पेल साहेब उभे. त्यांच्या मागे बदली खेळाडू जाकीट काढून तयार होता. तेव्हा एक बदली चालायचा.

"टॅन्स्ली!" साहेब ओरडले. "चालेल का तो? हो की नाही?"

चार हजार माणसं गप्प होती. मग कुठूनतरी एकाने सुरू केलं, "स्कीट! स्कीट!" आणि बघता बघता सगळं मैदान ओरडायला लागलं.

त्या क्षणी आपण काय विचार केला, हे क्लिफने पुढे चाळीस वर्षं स्वतःला विचारलं. बर्नीच्या डोक्याचा विचार केला नव्हता, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. आजच्या दिवशी स्कीटला बाहेर काढणारा माणूस म्हणून उद्यापासून या गावात राहायचं कसं, एवढंच मनात आलं होतं. त्याने अंगठा वर केला.

उठल्यावर बर्नी उलट्या बाजूला चालू लागला. क्लिफने त्याचे खांदे धरून त्याला वळवलं. लोक हसले, स्कीट मस्करी करतोय असं त्यांना वाटलं. मग तो अडुसष्ट मिनिटं खेळला. त्याने दोनदा गोलरेषेवरून चेंडू डोक्याने काढला. शेवटची वीस मिनिटं उरली असताना कोपऱ्यावरून आलेला चेंडू त्याने डोक्याने खाली पाडला, कुणीतरी तो आत ढकलला, आणि कॅडलो एक-शून्यने जिंकला. छपरावरची पोरं कौलांसकट खाली आली. लोक आत घुसले. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला: चिखलाने माखलेला बर्नी आणि त्याला कवेत धरलेला क्लिफ. फोटोत क्लिफ आनंदाने त्याला मिठी मारतोय असं दिसतं. खरं म्हणजे तो त्याला उभा ठेवत होता.

आंघोळीच्या हौदात बर्नीला तीनदा उलटी झाली. क्लिफने ती त्याच बादलीने साफ केली आणि कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी भट्टीवर दोघे कामावर असताना, विटा वाळवायच्या छपरामागे बर्नीने त्याला गाठलं. इकडे-तिकडे बघितलं.

"क्लिफ्या, शनिवारी झालं काय रे?"

"म्हणजे?"

"सगळे पाठ थोपटतायत. मी नुसता हसतोय. शुक्रवारी रात्री ग्वेनने मासे आणले होते, तिथपर्यंत आठवतं. मग एकदम रविवारचं जेवण." तो हसला, पण घाबरला होता. "जिंकलो ना आपण?"

मग क्लिफने त्याला सगळा सामना सांगितला, मिनिटामिनिटाने. बर्नी विटांवर बसून ऐकत राहिला, जणू तिऱ्हाइताचा पराक्रम.

"आणि खाली पडल्यावर मी काही बोललो?"

"बोललास की. 'किती मिनिटं राहिली?' म्हणालास."

"खरंच?" बर्नीचा चेहरा उजळला. "तसा मी आहेच म्हणा."

पुढची तीस वर्षं बर्नार्ड स्कीट तो सामना क्लिफच्या शब्दांत सांगत राहिला. क्लबच्या दारूच्या खोलीत, लग्नांत, मुलाखतीत. "शुद्धीवर आल्या आल्या मी काय विचारलं असेल?" तो म्हणायचा आणि सगळी खोली एका सुरात उत्तर द्यायची. क्लिफही द्यायचा. दुसऱ्या फेरीत पाच गोल खाऊन क्लब घरी आला होता, पण त्याची आठवण कुणी काढत नसे.

बर्नी चौऱ्याहत्तरपर्यंत खेळला. सहाशे चौदा सामने. ते संपले आणि नंतरचं सगळं उतारालाच लागलं. त्र्याऐंशी साली भट्ट्या विझल्या. एका रविवारी सुरुंग लावून चार धुराडी पाडली आणि गावाने ती पाडताना डबे बांधून नेऊन बघितली, कारण दुसरं करायचं काय. क्लब एक पायरी उतरला, मग आणखी एक. चार हजारांचे चारशे झाले, चारशेंचे साठ. एनिड ब्याण्णवमध्ये पोटाच्या दुखण्याने गेली; मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांनी नियम आला की मैदानात धावणाऱ्याकडे रीतसर प्रमाणपत्र पाहिजे. क्लिफला एक छापील आभारपत्र आणि लोकरीची शाल दिली आणि त्याच्या जागी कॉलेजात शिकलेली एक मुलगी आली.

त्या मुलीचं काम क्लिफ कुंपणापाशी उभा राहून बघायचा. एका शनिवारी आमच्या एका बचावपटूच्या डोक्याला लाथ बसली. उठून बसला, मी ठीक आहे म्हणाला. मुलीने त्याच्या डोळ्यांत बघितलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि मॅनेजरकडे बघून मान हलवली. मॅनेजर भडकला. लोकांनी तिला नाही नाही ते ऐकवलं. खेळाडूने तर तिचा हात झिडकारला.

"नाही," ती म्हणाली. एवढंच. आणि त्याला धरून बाहेर घेऊन आली.

संघ तीन गोलांनी हरला. मुलगी बाकावर बसून आपल्या थर्मासमधला चहा प्यायली. लोक पांगले तरी क्लिफ कुंपणापाशीच उभा होता. इतकं सोपं होतं ते. एक शब्द.

त्यानंतर चारेक वर्षांत बर्नीचं सुरू झालं. आधी किल्ल्या हरवल्या. मग रोजच्या रस्त्यावरून घरी येताना तो भलत्याच गल्लीत सापडला. मग ग्वेनवर एकदा हात उगारला. चाळीस वर्षांत न झालेली गोष्ट. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने लवकर आहे, पण होतं असं. बर्नी-ग्वेनची मुलगी नॉटिंगहॅमला असायची, महिन्यातून एकदा यायची. क्लिफ दर गुरुवारी जाऊ लागला. बर्नी कुणाला अंगाला हात लावू देत नसे, अगदी ग्वेनलाही. पण क्लिफने टॉवेल खांद्यावर टाकला की निमूट मान वर करायचा. मग क्लिफ त्याची दाढी करायचा. गालाला साबण लावताना बर्नी डोळे मिटून घ्यायचा.

"तू आलास की घरात दोन तास शांतता असते, क्लिफर्ड," ग्वेन म्हणायची. गावात त्याला पूर्ण नावाने हाक मारणारी ती एकटीच उरली होती. "तू नसतास तर मी कधीच हात टेकले असते." ती ताटात हॅम, लोणचं, ब्रेड वाढायची आणि क्लिफ ते तसंच ठेवून उठायचा.

दोन हजार सात सालच्या वसंतात ग्वेनकडे एका विद्यापीठातून बाई आल्या, डॉक्टर फर्नली नावाच्या. जुन्या फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा त्या अभ्यास करत होत्या. बर्नीला किती वेळा मार लागला, हे त्यांना हवं होतं आणि ते सांगणारा जिवंत माणूस एकच होता.

"क्लिफर्डला सगळं पाठ आहे," ग्वेनने मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि चहा ओतला. बर्नी खिडकीपाशी बसून एका टॉवेलाची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता.

"पूर्ण बेशुद्ध असा किती वेळा झाला असेल?" बाईंनी विचारलं.

"अकरा वेळा," क्लिफ म्हणाला. "मी होतो तेव्हा. सरावातलं धरलं नाही."

ग्वेनने किटली खाली ठेवली. "अकरा? मला तू दोनदाच म्हणून सांगितलं होतंस."

"त्यातल्या किती वेळा ते पुन्हा खेळायला गेले?" बाईंचा आवाज अगदी मऊ होता.

"सगळ्या."

"तो निर्णय कोण घ्यायचं?"

खिडकीपाशी टॉवेलची सळसळ चालू होती. 'मॅनेजर' म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पेल साहेब कधीच वारले होते. पण इतकी वर्षं जे आतल्या आत सडत होतं ते आता दाबून धरायची ताकद क्लिफमध्ये उरली नव्हती.

"मी," तो म्हणाला. आणि मग त्याने एकोणसत्तरचं सांगितलं. दिव्याचं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं. उलट्यांचं आणि सोमवारचंही. डॉक्टरबाई लिहीत होत्या. ग्वेन ऐकत होती.

बाई गेल्यावर ग्वेन कितीतरी वेळ कप धूत राहिली. तीनच कप होते.

"म्हणजे त्याला ते आठवतच नव्हतं," ती पाठमोरीच म्हणाली. "तीस वर्षं त्याने सगळ्यांना सांगितलं. मला सांगितलं. नातवंडांना सांगितलं. ते तुझं होतं."

"त्याला बरं वाटावं म्हणून, ग्वेन."

"त्याला, की तुला?"

क्लिफने कप पुसायचं फडकं उचललं. मग म्हणाला, "तो मला म्हणाला होता, काढू नकोस."

"त्याला भर दुपारी दिसत नव्हतं. आईला हाक मारत होता. आणि तू त्याचं ऐकलंस?"

"तेव्हा कुणालाच कळत नव्हतं गं. सगळेच तसं करायचे."

"मान्य." ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "डॉक्टरला कळत नव्हतं, पेलला कळत नव्हतं, मला कळत नव्हतं. पण आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, क्लिफर्ड. तुला विचारलं होतं."

दाराशी जाऊन तिने त्याचा कोट त्याच्या हातात दिला.

"पुढच्या गुरुवारी येऊ नकोस."

"त्याची दाढी..."

"येऊ नकोस."

क्लिफ गेला नाही. दोनदा त्या रस्त्यापर्यंत जाऊन परतला. उन्हाळ्यात एकदा समोरच्या फुटपाथवरून त्याला खिडकीत बर्नी दिसला. पांढरी दाढी छातीपर्यंत आलेली, तिच्यात खरकटं. बर्नी त्याच्याकडे बघत होता की त्याच्यातून आरपार, ते समजायला मार्ग नव्हता. क्लिफने हात वर केला, मग खाली घेतला.

पुढच्या वर्षी ग्वेनला त्याला सांभाळणं झेपेना. बर्नीला बारा मैलांवरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं आणि तिथेच दोन हजार नऊच्या जानेवारीत तो गेला. अंत्यविधीला तीनशे माणसं आली होती. क्लबच्या सामन्यांना त्याच्या निम्मीही येत नसत. क्लिफ शेवटच्या बाकावर बसला. पाद्र्याने एकोणसत्तरचा सामना सांगितला आणि 'किती मिनिटं राहिली?' म्हटल्यावर सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. पहिल्या बाकावर ग्वेनची मान ताठच राहिली. पेटी बंद होती. त्याची दाढी कुणी केली असेल का, हा एकच विचार क्लिफच्या डोक्यात घोळत होता. विचारणार कुणाला?

सहा महिन्यांनी त्याच्या दारावर थाप पडली. ग्वेन होती. वाळली होती.

"आला कागद," ती म्हणाली. मेंदू तिने अभ्यासाला दिला होता.

"काय म्हणतात?"

"तेच होतं. मारामुळेच. म्हातारपणामुळे नव्हे."

"आत ये ना, ग्वेन. चहा..."

"नको. तुला कळायला हवं, म्हणून आले." आणि ती पायऱ्या उतरून गेली. फाटकाची कडीही तिने लावली, सावकाश, नीट.

क्लबचीही घटका भरत आली होती. शेवटच्या मालकाने नवं मैदान बांधून देतो म्हणत क्ले लेन घरबांधणीवाल्यांना विकलं होतं आणि नवं मैदान काही आलं नाही. दोन हंगाम संघ शेजारगावच्या शाळेच्या पटांगणावर खेळला. दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली: क्लब चालवायचा की बंद करायचा. सोळा माणसं होती. सेक्रेटरी पॉलीन रूक, पोस्टात नोकरी करणारी, क्लबसाठी रक्ताचं पाणी केलेली बाई. तिने तो फोटो भिंतीवरून काढून आणला होता.

"एकशे सतरा वर्षं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "दोन महायुद्धांत बंद नाही पडला. भट्ट्या गेल्या तेव्हा नाही पडला. हा बर्नार्ड स्कीट बघा. डोकं फुटलं तरी हा माणूस परत मैदानात गेला. आणि आपण पाऊल मागे घ्यायचं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लिफ पंचाहत्तरीला आला होता. खुर्चीची पाठ धरून तो उभा राहिला. त्याला सभेत बोलताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे थांबले.

"त्याला परत पाठवायला नको होतं," तो म्हणाला.

"काय म्हणालास, क्लिफ?"

"त्याला दिसत नव्हतं. मी खोटं सांगितलं. त्याला बाहेर काढायला हवं होतं."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. शेजारच्या माणसाने त्याच्या दंडावर थोपटलं, "बस, आजोबा, बस." पॉलीनने फोटो छातीशी धरला होता.

"अरे क्लिफ, पण तो परत गेला म्हणूनच तर आपण जिंकलो! दुसरं आहे काय आपल्याकडे?"

"काहीच नाही," क्लिफ म्हणाला. "तेच म्हणतोय."

कुणाला काही उमगलं नाही. मतं घेतली. बंद करायच्या बाजूने पहिला हात क्लिफचा वर गेला. पॉलीन त्याच्याकडे अशी बघत राहिली की जणू त्याने तिच्या तोंडात मारली. एकामागून एक हात वर येत गेले. अकरा विरुद्ध पाच. खुर्च्या रचून ठेवल्या, चहाचं भांडं रिकामं केलं, आणि एकशे सतरा वर्षांचा क्लब जेवणाच्या वेळेआधी संपला. जाताना क्लिफशी कुणी बोललं नाही. एरवी त्याला गाडीतून घरी सोडणारा माणूसही त्याच्या समोरून निघून गेला.

रविवारची बस नव्हती. क्लिफ चालत निघाला. पण घराकडे नाही, ग्वेनच्या गल्लीकडे. आपण आज लोकांसमोर बोललो, एवढं तिला सांगायचं होतं. त्याने काही भरून निघणार नव्हतं, तेवढी अक्कल त्याला होती. पण गावात निदान एका माणसाला कळावं की तो बोलला. गुडघा ठणकत होता. भुरभुर पाऊस लागला होता. दोन मैलांना त्याला तासाच्या वर लागला.

दार एका तरुणाने उघडलं. कडेवर लहान बाळ होतं, मागे रंगाचा वास.

"कोण पाहिजे?"

"ग्वेन. ग्वेन स्कीट."

"अच्छा, आधीच्या बाई! त्या गेल्या ना मुलीकडे. तीन आठवडे झाले. घर आम्ही घेतलं."

"नॉटिंगहॅमला?"

"असेल. आम्हाला पत्ता नाही दिला हो. पत्रं आली तर वकिलाकडे पाठवा म्हणाल्या." तरुणाने त्याच्या भिजलेल्या कोटाकडे बघितलं. "काका, आत येता का जरा? निरोप द्यायचाय का काही? मी वकिलाला कळवतो."

तरुण थांबला होता, बाळ चुळबुळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "निरोप असा काही नाही."

घरी येऊन त्याने ओला कोट खुर्चीवर टाकला आणि सूप गरम करायला ठेवलं. ते उतू जाऊन शेगडी विझली, तेव्हा गॅसच्या वासाने त्याच्या लक्षात आलं. उठून त्याने खिडकी उघडली आणि शेगडी पुसायला घेतली.